वेग आणि ग्रीवाभंग

१

मोटारसायकलींच्या शर्यतींची छायाचित्रे हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहिला तर त्यात नवल नाही. चित्र, शिल्प, फार झाले तर चित्रपट, येथपर्यंत आपली समीक्षा मोकळेपणाने वावरते. खेळाचे छायाचित्र मात्र वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरचे; सकाळी पाहावे आणि संध्याकाळी त्यात भजी बांधावीत, अशी त्याची आपण सोय लावून टाकली आहे. वस्तुतः धावत्या गोष्टीचे अचल चित्र कसे काढावे, हा कलेतल्या जुन्या आणि अवघड प्रश्नांपैकी एक प्रश्न आहे. मराठी माणसाचाही त्याच्याशी संबंध नवा नाही. सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी १८९९ मध्ये आपला कॅमेरा मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये नेला तो कुस्ती टिपण्यासाठीच. पण सावेदादांचे चित्र हलते होते. डाव कसा लागला हे त्यांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवता येत होते. छायाचित्रकाराजवळ एकच क्षण असतो, आणि त्याची निवड चुकली की मागेपुढे सारवासारव करायला जागा उरत नाही.

या लेखाला निमित्त झाली ती आमच्या सुलतानपूरच्या एका तरुणाची चाळीसेक छायाचित्रे. सुलतानपूर हे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातले गाव, मेहकरहून लोणारला जाणाऱ्या रस्त्यावरचे. उल्केच्या आघाताने झालेले लोणारचे सरोवर पाहायला जाणारे लोक गावातून जातात, थांबत नाहीत. येथे शर्यतीची धावपट्टी नाही, आणि मोटारसायकल ही दूध, खत आणि पाहुणे वाहून नेण्याची गोष्ट आहे. हा तरुण पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टी मिळेल तेव्हा कॅमेरा घेऊन शर्यतींना जातो. २०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर मोटोजीपीची शर्यत भारतात पहिल्यांदा झाली, तेथे तो तिकीट काढून गेला होता. २०२४ च्या जानेवारीत पुण्याला बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात माती टाकून उंचवटे रचले गेले आणि सुपरक्रॉसची शर्यत झाली. तेथेही तो प्रेक्षकांतच उभा होता. या दोन ठिकाणांची चित्रे, आणि त्यांच्या जोडीला आपल्याकडच्या शंकरपटाची काही, असा त्याचा संग्रह आहे. त्याचे नाव मी देत नाही. नाव पुढे करण्याइतके काम अजून झालेले नाही, असे त्याचेच म्हणणे आहे. हाच व्यवसाय करावा असे मात्र त्याच्या मनात आहे, आणि म्हणून या चित्रांविषयी खरे ते बोलणे मला आवश्यक वाटते.

२

वेग प्रत्यक्ष दाखवता येत नाही; तो सुचवावा लागतो. कसा सुचवावा, याची दोन उत्तरे कालिदासाने शाकुंतलाच्या पहिल्याच अंकात, एकामागून एक, देऊन ठेवली आहेत. दुष्यंताचा रथ हरणामागे लागला आहे. प्रथम तो हरणाचे वर्णन करतो: मान वळवून ते पुन्हा पुन्हा मागे पाहते, बाणाच्या भीतीने त्याचे मागचे अंग पुढच्या अंगात शिरू पाहते, दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेले गवत वाटेवर सांडते, आणि उड्या अशा की पाय जमिनीवर थोडे, आकाशात फार. मग थोड्या वेळाने तो स्वतःच्या रथाच्या वेगाचे वर्णन करतो: बारीक दिसत होते ते एकदम मोठे होते, तुटलेले जोडल्यासारखे वाटते, वाकडे सरळ भासते, आणि कोणतीही वस्तू क्षणभरही दूर राहत नाही की जवळ राहत नाही.

दुसऱ्या वर्णनात वेग हा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. जग पुसट होते, रेषा होते. पहिल्यात तो धावणाऱ्याच्या शरीरात आहे. मान, पाठ, तोंडातले गवत यांत. सोयीसाठी एकाला आपण रथवेग म्हणू आणि दुसऱ्याला ग्रीवाभंग. शर्यतीच्या छायाचित्रणाचा सगळा इतिहास मला या दोन वर्णनांमधल्या येरझाऱ्यांसारखा वाटतो.

आधी चित्रकारांनी धावत्या घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून त्याला हवेत तरंगवले. जेरिकोने १८२१ मध्ये रंगवलेली एप्समची डर्बी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. १८७८ मध्ये मायब्रिजने अमेरिकेत एका रांगेत कॅमेरे मांडून सिद्ध केले की घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमीन सोडतात खरे, पण ते पसरलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात. शास्त्राचा प्रश्न तेथे मिटला. कलेचा तेथून सुरू झाला. कारण मायब्रिजचे एकेक चित्र सुटे करून पाहिले तर घोडा धावत नाही, अडखळतो. शिल्पकार रोदँने म्हणूनच उलट बाजू घेतली: काळ कधी थांबत नसतो, तेव्हा थांबलेला काळ दाखवणारे छायाचित्रच खोटे आणि चित्रकार खरा. हे म्हणणे अतिरेकी आहे. पण शर्यतीचे छायाचित्र काढणाऱ्या प्रत्येकाला त्याला उत्तर द्यावे लागते, मग त्याने रोदँचे नाव ऐकलेले असो वा नसो.

१९१२ च्या सुमारास ते उत्तर एका तरुण फ्रेंच मुलाकडून नकळत दिले गेले. लार्तीग हा मोटारींच्या शर्यतीत कॅमेरा गाडीबरोबर फिरवत होता. त्याच्या कॅमेऱ्याचा पडदा एका फटीच्या रूपाने काचेवरून सरकत असे. चित्राचा एक भाग आधी आणि दुसरा नंतर उमटे. परिणाम असा झाला की गाडीचे चाक पुढे झुकलेले लंबवर्तुळ झाले, आणि रस्त्याकडेची माणसे नि खांब उलट दिशेला कलले. गाडीही पुरती चौकटीत मावली नाही. चुकीच्या म्हणता येतील अशा सगळ्या गोष्टी त्या चित्रात आहेत आणि वेगही त्यांच्यातच आहे. त्या चित्राचे मोल जगाला कळायला १९६३ साल उजाडावे लागले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने लार्तीगचे प्रदर्शन भरवले तेव्हा.

३

आता आमच्या छायाचित्रकाराच्या चित्रांकडे येतो. बुद्ध सर्किटवरची त्याची बरीचशी चित्रे रथवेगाची आहेत. गाडीच्या गतीने कॅमेरा वळवीत राहायचे, आणि पडदा जरा जास्त वेळ उघडा ठेवायचा, ही ती रीत. गाडी स्पष्ट राहते आणि मागचे सगळे जग आडव्या रेषांत वाहून जाते. हिशेब साधा आहे. ताशी ३०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ८३ मीटर जाते. कॅमेरा स्थिर ठेवून एक सहस्रांश सेकंदात चित्र घेतले तरी तेवढ्यात ती ८ सेंटिमीटर सरकलेली असते. एक साठांश सेकंदात तर जवळजवळ दीड मीटर. कॅमेरा बरोबर फिरवला तर हे सरकणे गाडीच्या वाट्याला न येता पार्श्वभूमीच्या वाट्याला येते. कमरेपासून वरचे अंग एका लयीत वळले पाहिजे आणि चित्र घेतल्यावरही वळत राहिले पाहिजे. गोफण फिरवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

ही चित्रे सफाईदार आहेत. मर्ढेकरांनी लयीचे जे तीन नियम सांगितले, संवाद, विरोध आणि समतोल, त्यांपैकी पहिले दोन येथे सहज दाखवता येतील: वाहत्या रेषांचा एकमेकींशी संवाद, आणि त्या पुसट पसाऱ्याशी रेखीव यंत्राचा विरोध. तरीही अशी दहा चित्रे ओळीने पाहिल्यावर मन थकते. याचे कारण असे की येथे वेग हा यंत्राचा आणि कौशल्य कॅमेऱ्याचे. माणूस त्यात कोठेच लागत नाही. गाडीवर कापूस भरलेला बाहुला बसवला असता तरी चित्र असेच आले असते. रथाचे वर्णन आहे, हरणाचे नाही.

बालेवाडीच्या चित्रांत दुसरी अडचण आहे. सुपरक्रॉसमध्ये वेग बेताचाच असतो. तेथे महत्त्व उडीला. मातीच्या उंचवट्यावरून गाडी सुटते, हवेत कमान काढते आणि पलीकडच्या उतारावर टेकते. संग्रहातल्या सुपरक्रॉसच्या चौदा चित्रांपैकी अकरांत गाडी कमानीच्या माथ्यावर आहे. मागे आकाश, खाली काही नाही, चाके सुटलेली. पाहणारा थक्क होतो. पण हा क्षण सगळे छायाचित्रकार का निवडतात, याचे एक फार साधे कारण आहे: तो पकडायला सर्वांत सोपा. उडीच्या माथ्यावर वर जाण्याचा वेग शून्य होतो. माथ्याच्या आधीच्या आणि नंतरच्या एक दशांश सेकंदात गाडी जेमतेम ५ सेंटिमीटर वरखाली होते. म्हणजे जी गोष्ट आपण साहसाचा कळस म्हणून दाखवतो, ती प्रत्यक्षात त्या उडीतली सर्वांत निवांत जागा असते.

लेसिंगने १७६६ मध्ये ‘लाओकून’मध्ये शिल्पकार आणि चित्रकार यांना जो इशारा दिला होता तो येथे अक्षरशः लागू पडतो. एकच क्षण हाती असेल तर कळसाचा घेऊ नये. कारण कळसाच्या पुढे कल्पनेला जायला वाट उरत नाही. ज्यात मागचेही आहे आणि पुढचेही आहे, असा भरलेला क्षण घ्यावा. उरलेल्या तीन चित्रांपैकी एक तसे आहे. गाडी अजून उडालेली नाही. पुढचे चाक उंचवट्याच्या धारेवर आले आहे, मागचे मातीत रुतून ढेकळे फेकते आहे, आणि चालक पायांच्या बोटांवर उभा राहून, गुडघे किंचित मोडून, पुढच्या क्षणाला शरीर आधीच देऊन बसला आहे. येथे आकाश नाही, थरारही दिसायला कमीच. पण हे चित्र पाहताना माझा श्वास अडकला. माथ्यावरच्या अकरांत तो अडकला नव्हता.

४

शर्यतीच्या चित्राचा खरा विषय वेग नसून तोल आहे, असे मला वाटते. आणि तोल म्हणजे गाडीच्या वळणावर झुकणे. मोटारीला चार चाके असतात, ती वळणावर फक्त वळते. दुचाकीला वळायचे तर पडावे लागते आणि पडता पडता थांबावे लागते. ४५ अंशांत कललेल्या गाडीवर बाहेर फेकू पाहणारा जोर तिच्या वजनाइतकाच असतो. ६० अंशांत तो पावणेदोन पटींच्या जवळ जातो, आणि मोटोजीपीचे चालक ६० अंशांच्याही पुढे कलतात. त्या वेळी गुडघा, कोपरसुद्धा, जमिनीला लागते. जमिनीला धरून ठेवणारी जागा म्हणाल तर टायरची तळहातापेक्षा फार मोठी नाही. मर्ढेकरांच्या तिसऱ्या नियमाला, समतोलाला, याहून नेमके उदाहरण शोधून सापडायचे नाही. फरक इतकाच की कागदावरचा समतोल बिघडला तर चित्र बिघडते. येथला बिघडला तर माणूस जातो.

म्हणूनच या जागी केलेली लबाडी मला खपत नाही. कॅमेरा तिरका धरला की साधी सरळ चाललेली गाडीही झुकल्यासारखी दिसते, आणि बेताची झुकलेली तर भयंकर झुकल्यासारखी. आमच्या छायाचित्रकाराने चार ठिकाणी हे केले आहे. मागचे कुंपणाचे खांब पाहिले की लबाडी कळते. ते गाडीबरोबरच कलले आहेत. लार्तीगचे खांब कलले ते कॅमेऱ्याच्या स्वभावाने, आणि गाडीच्या उलट दिशेने. त्यातून वेग जन्माला आला. येथे खांब आणि गाडी एकत्र कलतात आणि त्यातून काहीच जन्माला येत नाही.

मग ग्रीवाभंग शोधायचा कोठे? अडचण अशी की या खेळात चेहराच नाही. डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांवर काळी काच, अंगभर कातडी पोशाख. हरणाचे डोळे, तोंडातले गवत, काहीच दिसायची सोय नाही. शंकरपटाच्या चित्रांकडे वळले की हा फरक ठळक होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंद केलेल्या या बैलांच्या शर्यती २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्रात पुन्हा सुरू झाल्या, आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने त्यांना मान्यता दिली. या संग्रहातल्या एका चित्रात बैलाचा पांढरा झालेला डोळा, तोंडाचा फेस आणि वर ताणलेली मान स्पष्ट आहेत. कालिदासाचे हरीणच ते. ते चित्र पाहून बैलाच्या बाजूने वाईट वाटते आणि त्याच्या ताकदीने मन भारूनही जाते. दोन्ही भावना एकमेकींना पुसून टाकीत नाहीत. शर्यती असाव्यात की नसाव्यात, या वादात जे एका बाजूच्या लोकांना दिसते आणि जे दुसऱ्या बाजूच्यांना, ते सारे त्या एका डोळ्यात आहे. छायाचित्राने वाद सोडवलेला नाही. त्याने तो खराखुरा केला आहे.

मोटारसायकलीच्या चित्रात असा डोळा मिळणार नाही. पण एक गोष्ट मिळते, आणि ती या तरुणाला दोनदा मिळाली आहे. बुद्ध सर्किटच्या लांब सरळ पट्टीनंतरच्या वळणावर काढलेल्या एका चित्रात चालकाने अंग उचलून वाऱ्याला छाती दिली आहे, आतला पाय सुटून लोंबतो आहे, मागचे चाक जमिनीवरून अलगद उचलले गेले आहे. आणि उजव्या हाताची दोन बोटे ब्रेकच्या दांडीवर आहेत. दोनच बोटे, उरलेल्या बोटांनी मूठ धरलेली. चित्राचा सगळा भार त्या दोन बोटांवर येऊन थांबला आहे. तीनशेच्या वेगाने आलेला माणूस आता थांबू पाहतो आहे, आणि किती थांबावे हे त्या बोटांना ठरवायचे आहे. कमी दाबली तर वळण चुकेल, जास्त दाबली तर पुढचे चाक निसटेल. भीती आणि भीतीवरचा ताबा एकाच जागी दिसतात. शिरस्त्राणाआडच्या चेहऱ्याची मला मग आठवणही झाली नाही. या चित्रात पार्श्वभूमी फारशी पुसट नाही, रंग साधे आहेत. संग्रहातले हे सर्वांत चांगले चित्र, असे माझे मत आहे. छायाचित्रकाराने ते शेवटून तिसरे लावले होते.

५

ते मागे का लावले, याचे त्याने दिलेले कारण व्यवहारातले आहे आणि म्हणून विचार करण्यासारखे आहे. या व्यवसायात पैसे देणारे असतात ते संघ, टायरवाले, तेलवाले. त्यांना गाडीवरचे नाव वाचता आले पाहिजे. बोटांच्या चित्रात ही नावे सावलीत गेली आहेत. उडीच्या माथ्यावर ती आकाशावर लिहिल्यासारखी दिसतात. तेव्हा विकले जाईल ते माथ्यावरचे.

पोटाचा प्रश्न असतो तेथे समीक्षकाने शहाणपण शिकवू नये. देवळाच्या शिल्पकारालाही धनी होताच. पण धन्याला हवे ते देऊनही शिल्पात आपले काही ठेवता येते, आणि येथे नेमके काय ठेवायचे हा प्रश्न केवळ कलेचा राहत नाही. सुलतानपूरच्या पोरांनी ही चित्रे पाहिली तेव्हा त्यांची बोटे माथ्यावरच्या उड्यांवर गेली. हीच पोरे संध्याकाळी मेहकर रस्त्यावर शिरस्त्राणाशिवाय दोघेतिघे गाडीवर बसून जातात. चित्र पाहून कोणी मरत नाही, हे मला मान्य आहे. कलेने नीतीची पाठराखण करावी, असा जुना आग्रहही मी धरीत नाही. माझे म्हणणे निराळे आहे. ज्या चित्रातून वजन आणि भीती काढून टाकली आहे ते चित्र आधी कला म्हणूनच अपुरे आहे. आणि त्या अपुरेपणामुळेच ते पोराला उडणे जमिनीपेक्षा हलके आहे असे सांगते. दोष एकच आहे, तो दोन ठिकाणी दिसतो.

याच्या उलट टोकाला अपघाताची चित्रे आहेत. २०११ च्या ऑक्टोबरात मलेशियातल्या सेपांग येथे मार्को सिमोंचेली गेला, त्या क्षणाची चित्रे जगभर फिरली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मद्रासजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या धावपट्टीवर राष्ट्रीय स्पर्धेत तेरा वर्षांचा एक मुलगा मरण पावला. आमच्या जिल्ह्यात तर १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर प्रवासी बस पेटून २५ माणसे गेली, आणि जळालेल्या बसची चित्रे उजाडायच्या आत हातोहाती गेली. ज्या महामार्गावर मोटारसायकलीला बंदी आहे त्याने वेगाचे हे रूप आमच्या दाराशी आणले. अशा चित्रांना बातमीत जागा आहे. कलेत त्यांची जागा मला दिसत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा लेसिंगचेच. तेथे सगळे घडून गेलेले असते. दोन बोटांना ठरवायला काही उरलेले नसते. आमच्या छायाचित्रकाराजवळ बालेवाडीला पडलेल्या एका चालकाचे चित्र होते. ते त्याने मांडले नाही. माणूस उठून चालत गेला होता, तरी मांडले नाही. कारण विचारले तर म्हणाला, “त्यात माझं काहीच नव्हतं, काका. तो पडला, एवढंच होतं.” संग्रहाविषयीचे हे सर्वांत चांगले समीक्षावाक्य त्याचे स्वतःचे आहे.

मग या तरुणाला सांगायचे काय? चाळीसांतली तीस चित्रे काढून टाकावीत. तिरकी चार आधी. माथ्यावरच्या अकरांतली दोन धन्यांसाठी राखावीत. रथवेगाच्या चित्रांत आपला हात तयार झाला आहे, तेव्हा त्या हाताचे प्रदर्शन आता थांबवावे. उंचवट्याच्या धारेवरचा चालक, पटातला बैल आणि दोन बोटे ही तीन चित्रे शेजारी शेजारी लावून पाहावीत. दिल्लीजवळची डांबरी पट्टी, पुण्यातली आणून टाकलेली माती आणि आपल्या भागातले मोकळे रान या तिन्ही ठिकाणी त्याने एकच गोष्ट पाहिली आहे, हे त्याला तेव्हा कळेल. ती त्याने स्वतः पाहिली आहे, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. पुढच्या शर्यतीला जाताना त्याला नवा कॅमेरा घ्यायचा आहे, त्यासाठी तो पैसे साठवतो आहे. जुन्याने अजून दोन वर्षे काम भागेल, असे मला ही चित्रे पाहून वाटते. प्रवासखर्चाला ते पैसे जास्त उपयोगी पडतील.